काढते-घालते फ्लॅप आणि सुकलालचा नाका

आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी प्रवासवर्णन द्या, असं कुंदाताईंनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. त्या आमच्या गल्लीतल्या, अंकाचं काम त्याच बघतात, आणि नकार हा शब्द त्यांना ऐकू येत नाही. "सातपुड्यात जाऊन आलात ना, मग छानपैकी लिहा. कुठं राहायचं, काय खायचं. फोटो असतील तर तेही द्या."

फोटो आहेत. छानपैकी लिहिणं मात्र जमणार नाही. त्या प्रवासात सुकलाल नावाच्या माणसाचा डावा डोळा गेला, तो आमच्या गाडीच्या चाकानं उडवलेल्या दगडानं गेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काय झालं म्हणून कोणी पानं उलटायला नकोत. आता डोंगर, जेवण, नदी, काय हवं ते सांगते.

अवधपुरी

श्रीधर, म्हणजे माझा नवरा, सगळी नोकरी इथल्या, भोपाळच्या, सरकारी कारखान्यात करून निवृत्त झाला. टाउनशिपमधलं क्वार्टर सोडून आम्ही अवधपुरीत घर बांधलं, ते नेमकं अशा जागी की गच्चीवरून जुनं क्वार्टर दिसतं. क्वार्टर कसलं, भिंती दिसतात. त्या ओळीत आता कोणी राहत नाही. खिडक्यांच्या चौकटी लोकांनी काढून नेल्या, अंगणात बेशरमची झुडपं माजली, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यातून पिंपळ वर आलाय. श्रीधर संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून तिकडं बघत बसायचा. मला ते बघवेना. म्हणून त्यानं जुना डबल केबिनचा पिकअप घ्यायचं काढलं तेव्हा मी, जी एरवी भाजीच्या पिशवीवरूनही वाद घालते, तोंडातून चकार शब्द काढला नाही. माणूस कशात तरी गुंतलेला बरा.

गुंतला तो चांगलाच. गाडीला रुंद टायर घातले, ते बाहेर आलेल्या पोटासारखे दोन्ही अंगांनी दिसायचे. मागं शेगडीची पेटी बसवली, पाण्याची टाकी, झोपायची फळी. आणि मग मडफ्लॅप.

चाकामागं लोंबणारी रबराची पट्टी असते ना, ती. ट्रकच्या मागं तिच्यावर राक्षसाचं तोंड रंगवलेलं असतं. चाकानं उडवलेला चिखल आणि खडे मागच्या माणसाच्या अंगावर जाऊ नयेत, एवढंच तिचं काम. पण दगडधोंड्यांच्या उतारावर तीच पट्टी अडचण होते. गाडी मागं घेताना चाक तिच्यावर चढतं आणि ती मुळासकट उपटून निघते. म्हणून श्रीधरनं काढते-घालते फ्लॅप बनवले. जाड रबरी पट्ट्याचे दोन तुकडे, वर लोखंडाची पट्टी, आणि प्रत्येकाला दोन पिना. पीन ओढली की फ्लॅप हातात येणार, भोकाला भोक जुळवून पीन सरकवली की पुन्हा जागेवर. इतकं नेटकं काम होतं की मी पोळ्या टाकून बाहेर बघायला आले.

आणि अर्थातच, लाल टॅग. हा टॅग आमच्या संसारातला तिसरा माणूस आहे. कारखान्यात मशीन दुरुस्तीला उघडलं की उघडणारा आपल्या नावाचा लाल टॅग त्याच्या बटणावर अडकवतो. तो स्वतः येऊन टॅग काढेपर्यंत कोणी, अगदी वरच्या साहेबानंही, मशीनला हात लावायचा नाही. श्रीधर नोकरीत नवा असताना कोणीतरी काम झालं असेल समजून मशीन सुरू केलं, आणि आत हात असलेल्या माणसाचा पंजा गेला. तो पंजा श्रीधरनं टॉवेलात गुंडाळून दवाखान्यापर्यंत नेला होता. ज्यानं उघडलं त्यानंच लावायचं, हे तेव्हापासून त्याच्या हाडात बसलं. घरीसुद्धा तेच. माझ्या मिक्सरवर एकदा आठवडाभर लाल टॅग होता आणि मी शेजारच्या मिश्राइनकडं जाऊन चटणी वाटत होते.

पिकअपचे फ्लॅप काढले की टॅग आतल्या आरशाला लटकायचा. परत लावले की उतरायचा. लावणार आणि उतरवणार श्रीधर.

पिपरियाच्या पुढं

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली तेव्हा निघालो. हबीबगंजला पोहे-जिलबी खाल्ली. पुण्याचे नातेवाईक या जोडीला नाक मुरडतात. माझे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इथं आलेले, मी इथंच जन्मले, त्यामुळे माझी जीभ आणि माझी मराठी दोन्ही बिघडलेल्या आहेत असं त्यांचं मत आहे. असो. होशंगाबादच्या पुलावर नर्मदेला हात जोडले. श्रीधर म्हणाला, "काय मागितलंस?" मी म्हटलं, "तू दर फाट्याला गाडी थांबवू नयेस, एवढंच."

कारण तेच चाललं होतं. कुठं रस्ता खोदलेला दिसला की हा उतरणार, फ्लॅप काढणार, टॅग अडकवणार. डांबर लागलं की पुन्हा उतरणार, फ्लॅप पुसणार, लावणार. पिपरियाजवळ एका ट्रकवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "बाऊजी, पंचर हो गई क्या?" मी इतकी हसले की मला ठसका लागला. तो हसण्याचा दिवस होता, म्हणून लिहून ठेवते.

तामियाच्या अलीकडं मुख्य रस्ता सोडला. गावाचं नाव देत नाही, कुंदाताई, माफ करा. आधी लांबच्या लांब नवी गिट्टी टाकलेला रस्ता, रोलर न फिरवलेला, सुट्या खडीचा. तो संपतो तिथं जंगल खात्याचा नाका. लोखंडी पाईप आडवा, त्याच्या टोकाला भोक, खुंटाला भोक, दोन्हींतून जाड पीन आणि तिला कुलूप. नाक्याच्या पलीकडं दगडांची उतरण सुरू होते ती थेट खाली दरीतल्या गावापर्यंत.

नाक्यावर सुकलाल होता. पस्तिशीचा असेल, बारीक, गळ्यात गमछा, खात्याचा खाकी शर्ट कोपरात फाटलेला. आमची राहायची सोय त्याच्याच घरी ठरली होती. श्रीधर फ्लॅप काढायला खाली वाकला तसा तोही मदतीला वाकला. श्रीधरनं त्याचा हात बाजूला केला. "ना भाई. जिसने खोला, वही लगाएगा. हमारे कारखाने का नियम है."

सुकलाल हसला. "नाके का भी यही है साहब. जो खोले सो बंद करे. नहीं तो रेंजर साहब कान पकड़ते हैं."

दोघांचं तिथंच जमलं. माझ्याशी लग्न ठरवतानासुद्धा श्रीधर इतक्या लवकर खुलला नव्हता.

खाली

सुकलालचं घर मातीचं, लख्ख सारवलेलं. बायको बिसनी, बोलायला कमी. तिनं कुटकी नावाच्या बारीक भरडधान्याचा भात, मक्याची भाकरी आणि टोमॅटो भाजून केलेली लाल चटणी वाढली. आमच्याकडं पाहुणा जेवायला बसला की त्याच्या पानावर नजर ठेवून आग्रह करत राहायचं, नको म्हणेल तितकं वाढायचं. बिसनीनं भांडी आमच्यापुढं ठेवली आणि तोंड फिरवून झाडांकडं बघत बसली. मला वाटलं, आमचं काही चुकलं. सुकलाल म्हणाला, "आप खाओ. देखते रहो तो मेहमान को शरम आती है।" मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. आग्रहाशिवाय इतकं जेवल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हाला नदीपर्यंत नेलं. वाटेत थांबून समोरच्या कड्याकडं बोट दाखवलं, "वो देखो, बड़ी गिलहरी." मी दुर्बीण लावून दमले, शेकरूची शेपटीसुद्धा दिसली नाही. तो नुसत्या डोळ्यांनी सांगत होता, आता वर गेली, आता फळ सोडून दिलं. श्रीधर म्हणाला, "ह्याला आमच्या इन्स्पेक्शनला घ्यायला हवा होता."

रात्रीच्या जेवणाला बिसनी पहिल्यांदा स्वतःहून बोलली. सुकलालची नोकरी रोजंदारीवरची होती. उन्हाळ्यात जंगल पेटतं तेव्हा धूर सगळ्यांत आधी त्याला दिसतो, म्हणून खात्यानं त्याला ठेवलंय. "आँख की नौकरी है," ती म्हणाली, आणि भाकरी उलटायला वळली. गावात इतर कोणाला एवढंही बांधलेलं काम नव्हतं.

बिसनीचं ते डोळ्याच्या नोकरीचं वाक्य मला पुढं किती वेळा ऐकू यायचं होतं, तेव्हा कळलं नाही.

गिट्टी

तिसऱ्या दिवशी सकाळी श्रीधर गाडीखाली वाकून काहीतरी बघत होता, तो उठलाच नाही. म्हणजे उठला, पण गाडीला धरून. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. "कालची चटणी," म्हणाला. चटणीनं डावा हात दुखत नाही हे मलाही कळतं. सुकलालनं त्याला उचलून मागच्या सीटवर झोपवलं.

चालवणार मीच होते. श्रीधरनं मला हा पिकअप टाउनशिपच्या ओसाड मैदानात शिकवला होता, जिथं धडकायला काहीच उरलेलं नाही. इथं एका बाजूला दरी होती. सुकलाल मोटारसायकल घेऊन पुढं निघाला, कुठल्या दगडावरून चाक घ्यायचं ते हातानं दाखवत. त्याच्याशिवाय मी तो चढ चढलेच नसते. श्रीधर मागं कण्हत होता आणि आरशाला लाल टॅग हेलकावे खात होता.

वर नाक्यावर सुकलालनं कुलूप काढलं, पाईप वर केला. मी गाडी बाहेर घेतली. तो खिडकीशी आला. "मैडम, वो रबर लगा दूँ? आगे गिट्टी है. मैं पीछे से आता हूँ, दवाखाने में साथ लगेगा कोई."

फ्लॅप मागं, हाताशीच होते. चार पिना. पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. मी हो म्हणणार तेवढ्यात मागून श्रीधरचा आवाज आला, "हाथ मत लगाना. मैं लगाऊंगा." त्यानं उठायचा प्रयत्न केला, कोपरावर आला आणि पुन्हा पडला. "जिसने खोला... मी लावतो. थांब."

"श्रीधर, लावू दे त्याला!"

"टॅग माझा आहे," तो म्हणाला. डोळे मिटलेले. मरणाच्या दारात पडलेला माणूस टॅगवरून भांडत होता, आणि मला त्याला तसाच्या तसा दवाखान्यात न्यायचं होतं, भांडत बसायचं नव्हतं. मी सुकलालला म्हटलं, "जाने दो, चलो." आणि गिअर टाकला.

आरशात मागं बघितलं. तो पाईप खाली ओढून पीन घालत होता, कुलूप लावत होता. मग मोटारसायकल सुरू करून मागं आला. डोक्याला हेल्मेट नव्हतं, गमछा बांधलेला होता.

गिट्टीवर मी जमेल तितकी जोरात निघाले. सुट्या खडीचा आवाज गाडीखाली फुटाण्यांसारखा येत होता. जरा वेळानं मागून हॉर्न ऐकू आला. पुन्हा पुन्हा. मला वाटलं, लवकर चला म्हणतोय. श्रीधरचं कण्हणं थांबलं होतं आणि त्या थांबण्यानं माझा धीर सुटला होता. मी आणखी पाय दाबला. हॉर्न आणखी वाजला. मग वाजायचा बंद झाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, त्या हॉर्ननं माझं डोकं उठलं होतं आणि तो थांबल्यावर मला बरं वाटलं.

आता समजतं. तो लवकर चला म्हणत नव्हता, थांबा म्हणत होता. चाकं त्याच्यावर दगड फेकत होती आणि रस्ता इतका अरुंद की बाजूला व्हायला जागा नाही. मागं राहिला असता तर वाचला असता. पण आम्हाला दवाखाना सापडणार नाही, म्हणून तो मागं राहत नव्हता.

दवाखाना

दवाखाना विचारत विचारत सापडला. श्रीधरच्या जिभेखाली गोळी ठेवली, सुई दिली, नळ्या लावल्या. हार्ट अटॅक. वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि पहिल्यांदा रडले. सुकलाल कुठं राहिला, असा विचार मनात आला, आणि मोटारसायकलचं पेट्रोल संपलं असेल, असं मीच उत्तर दिलं.

मग एक ट्रॅक्टर आला. दोघांनी धरून त्याला आत आणलं. गमछा डाव्या डोळ्यावर दाबलेला, खाकी शर्ट पुढून भिजलेला. एका गुडघ्याचं कातडं निघालेलं. मी धावत गेले. उजव्या डोळ्यानं त्यानं मला ओळखलं. "साहब?" म्हणाला.

"ठीक हैं," मी म्हटलं.

"मैं हॉर्न दे रहा था, मैडम," तो म्हणाला. तक्रार नव्हती, नुसतं सांगत होता. जमीन दुभंगून तिनं मला तिथंच पोटात घ्यावं असं झालं.

आत श्रीधर श्वास घेत होता. तो जगावा म्हणून मी येतील ते सगळे देव आळवत होते आणि त्याच वेळी मला त्याचा असा राग आला होता की तो शुद्धीवर आला तर आधी काय बोलेन, याची मला भीती वाटत होती. बिसनी संध्याकाळी पोचली. नवऱ्याशेजारी बसली, गमछा उचलून बघितलं आणि परत ठेवला. मग कोणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "अब नाके पे कौन रखेगा?"

पुन्हा अवधपुरी

पिकअप आमच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरनं भोपाळला आणून लावला. फ्लॅप मागं पडलेले, टॅग आरशाला. श्रीधर घरी आला तरी गाडीकडं गेला नाही.

सुकलालला आम्ही भोपाळला आणलं. डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हा ठेवला तर दुसराही जाऊ शकतो, काढावा लागेल. काढला. जे करता येण्याजोगं होतं ते आम्ही केलं, आणि ते किती थोडं असतं हेही बघितलं. तो आमच्याच घरी राहिला. एका खोलीत श्रीधर, एका खोलीत तो. मी दोघांना मऊ भात देत फिरत होते. जेवताना आग्रह करायला तोंड उघडायची आणि गप्प व्हायची.

श्रीधरनं त्याची माफी मागितली. मी दाराआडून ऐकलं. सुकलाल म्हणाला, "आपकी जान जा रही थी, साहब." माफ केलं असं तो म्हणाला नाही. श्रीधरनंही पुन्हा विचारलं नाही.

एकदा तो गच्चीवर आला. एका डोळ्यानं अख्खी टाउनशिप बघत उभा राहिला. "साहब, ये गाँव काहे खाली हो गया?"

"नौकरी खत्म हुई," श्रीधर म्हणाला, "तो लोग चले गए."

सुकलालला रेंजरचा निरोप आलेला होता. नाका सांभाळता येतो का ते येऊन बघू, मग ठरवू. तोवर बिसनी नाक्यावर बसत होती.

नाका

त्याला परत पोचवायला आम्ही निघालो त्या सकाळी मी खाली आले तर श्रीधर गाडीमागं गुडघ्यावर बसला होता. फ्लॅप लावत होता. पुन्हा पुन्हा करूनही भोकाला भोक जुळत नव्हतं. मी मदतीला वाकले नाही. लावून झाल्यावर त्यानं आरशाचा टॅग काढला, खिशात ठेवला, आणि पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसला. सुकलाल मागं. होशंगाबादच्या पुलावर मी हात जोडले. काय मागितलंस, असं या वेळी त्यानं विचारलं नाही.

गिट्टीवर अजून रोलर फिरला नव्हता. मी सावकाश चालवली. मागं कोणीही नव्हतं, तरी सावकाश.

नाक्यावर बिसनी उभी होती. तिनं सुकलालकडं बघितलं, त्याच्या नव्या काचेच्या डोळ्याकडं बघितलं, आणि कनवटीची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. रेंजर दुसऱ्या दिवशी येणार होता. तेवढ्यात खालून कुटकीची पोती भरलेला एक ट्रॅक्टर वर आला. सुकलालनं कुलूप काढलं, पीन ओढली, पाईप वर केला. ट्रॅक्टर गेला. त्यानं पाईप खाली आणला आणि पीन भोकात घालायला गेला.

पीन भोकाच्या अलीकडं लागली. त्यानं पुन्हा धरली. आता पलीकडं गेली. एका डोळ्याला जवळ-लांब कळत नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं. सवय होईल, असंही म्हणाले होते. त्यानं डाव्या हातानं खुंट चाचपला आणि पुन्हा प्रयत्न केला. पीन लोखंडावर घासत गेली.

श्रीधर पुढं झाला. हात पुढं केला. "लाओ सुकलाल, मैं डाल देता हूँ."

सुकलालनं मान वळवली नाही. "रहने दीजिए, साहब," तो म्हणाला. "जिसने खोला, वही लगाएगा."

त्याच्या आवाजात राग होता की नव्हता, ते मला आजही सांगता येत नाही. श्रीधरचा हात तसाच पुढं राहिला. बिसनीनं तोंड फिरवून झाडांकडं केलं, आम्ही जेवताना केलं होतं तसं. पीन लोखंडाला घासत होती आणि आम्ही दोघं बघत उभे होतो.